कंदी पेढे कुणाच्या टेबलावर?

आमच्या साताऱ्यात माणूस दवाखान्यातून सुखरूप घरी निघाला की मोती चौकातनं कंदी पेढे येतात. बाळ झालं तर येतातच, पण मुतखडा पडला तरी येतात. हा पेढ्यांचा बॉक्स दवाखान्यात शेवटी कुणाच्या हातात पडतो, इकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. माझं गेलं ते तीन वर्षांपूर्वी, आमच्या अण्णांच्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर. डिस्चार्जच्या दिवशी मी एक किलोचा बॉक्स आणला. अण्णा तो काखेत मारून, काठी टेकत, सर्जनच्या केबिनवरून सरळ पुढे गेले. काउंटरवरून गेले. औषधांच्या खिडकीवरून गेले. आणि जिन्याखाली फरशी पुसत असलेल्या मावशींच्या हातात बॉक्स ठेवून म्हणाले, "घरी न्या. पोरास्नी द्या."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "अण्णा, ऑपरेशन डॉक्टरांनी केलं होतं."

"त्येंनी बिल घेतलं की," अण्णा म्हणाले. "सांगितलं हिनं."

अण्णा एसटीत छत्तीस वर्षं कंडक्टर होते. सातारा-मिरज, सातारा-वडूज, मधे काही वर्षं मुंबईची रातराणी. जगातली कुठलीही गोष्ट ते एसटीच्या खिडकीतून बघतात, आणि दवाखाना हीदेखील त्यांच्या मते एक गाडीच आहे; फक्त तिच्यात तिकीट आधी सांगत नाहीत. त्यांचा एक जुना सिद्धांत आहे. खंबाटकीत गाडी बंद पडली की पॅसेंजर पहिली दहा मिनिटं गप बसतो. तेवढ्यात कंडक्टरनं खाली उतरायचं, ड्रायव्हरला विचारायचं आणि वर येऊन मोठ्यानं सांगायचं: फॅनबेल्ट तुटलाय, मागनं दुसरी गाडी येतीय, अर्धा तास लागंल. एवढं सांगितलं की माणसं खाली उतरतात, तंबाखू मळतात, कुणी दशमीचा डबा उघडतं, एकमेकांचं गाव विचारतात. नाही सांगितलं तर अर्ध्या तासानं कंडक्टरची कॉलर धरतात. "बेल्ट दोन्ही गाड्यांत तुटलेलाच आस्तूय," अण्णा म्हणतात. "फरक सांगन्याचा."

हर्नियाच्या त्या मुक्कामात मला हा सिद्धांत दिवसातून चार वेळा ऐकावा लागला, आणि चारही वेळा मी बाकावर बसलेलो होतो.

दवाखान्याची म्हणून एक वेगळी मराठी आहे. ती अगदी थोड्या शब्दांत चालते. केसपेपर काढा. बसा. सर राउंडला आहेत. राउंड झाला. नातेवाईक कोण? एकानेच थांबा. विचारून सांगते. यातला 'बसा' हा शब्द मी बराच वेळ चघळला, कारण दुसरं काही चघळायला नव्हतं. आपल्याकडे घरी पाहुणा आला की 'बसा' म्हणतात. त्याच्यामागून पाण्याचा तांब्या येतो, मग चहा येतो, मग 'कसं काय येणं केलं' येतं. 'बसा'ने बोलण्याला सुरुवात होते. दवाखान्यात 'बसा' म्हटलं की बोलणं संपलं. त्याच्यामागून काहीच येत नाही. अकरा वाजता एकदा आत डोकावून विचारलं, तर उत्तर आलं, "सर ओटीत आहेत." माझी आत्या रहिमतपूरहून अण्णांना बघायला आलेली. ती दचकून म्हणाली, "आगं बया, डॉक्टरची वटी कोन भरतंय?"

हसलो आम्ही, पण त्याच मराठीपायी अण्णांचं ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं होतं. त्यांना सांगितलं होतं, "सकाळी उपाशीपोटी या." अण्णा अगदी उपाशीपोटी गेले. वाटेत फक्त एक चहा आणि दोन खारी.

"काही खाल्लं नाही ना?"

"न्हाई."

"चहा?"

"त्यो घेतला की."

इथे अण्णांची बाजू घेणं मला भाग आहे. आमच्याकडे चहा खाण्यात धरत नाहीत, पिण्यातही धरत नाहीत. तो श्वासासारखा चालू असतो. उपासाला चहा चालतो का, हा प्रश्नही आमच्या आळीत कुणाला कधी पडलेला नाही. आणि खारी ही चहाचीच एक अवस्था आहे. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकतं आणि ते जिवावर बेततं, म्हणून पोट रिकामं हवं, हे एक वाक्य आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर अण्णांनी खारीकडे बघितलंही नसतं. ते नियम पाळणारे गृहस्थ आहेत. त्यांना फक्त नियमाचं कारण लागतं. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांना 'हात बाहेर काढू नका' सांगितलं, आणि प्रत्येक वेळी कुणाचा हात कुठे गेला तेही सांगितलं.

ऑपरेशन उत्तम झालं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की त्या दवाखान्यात काही कमी होतं. टाके सरळ होते, खोली स्वच्छ होती, औषधं वेळेवर येत होती. दुसऱ्या रात्री तीन वाजता अण्णा लघवीला उठले आणि संडासातूनच मला हाक आली. कमरेखाली सगळं सुजून काळंनिळं झालेलं. मी पळत जाऊन सिस्टरना सांगितलं. त्या एकट्या, आणि त्यांच्याकडे सगळा मजला. दुसऱ्या एका पेशंटची सलाईन निघाली होती, ती लावता लावता म्हणाल्या, "सर सकाळी बघतील." म्हणाल्या ते खरंच होतं, सर सकाळी बघणारच होते. पण सकाळ व्हायला चार तास होते, आणि शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ जागे झाले होते. त्यांनी आपल्या साडूची गोष्ट सुरू केली. साडूलाही असंच काळं पडलं होतं. पुढे पाय काढावा लागला. साडूला साखर होती आणि काळा अंगठा पडला होता हे त्यांनी गोष्टीच्या अगदी शेवटी सांगितलं. तोवर अण्णांनी मनातल्या मनात जमिनीची वाटणी उरकलेली.

तेवढ्यात फडकं आणि बादली घेऊन मावशी आल्या. काय झालं विचारलं. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हर्नियाचं हाय न्हवं? लई जनांचं व्हतंय. आज काळं, मग जांभळं, मग हिरवं, मग पिवळं पडून जातंय. ताप हाय का? न्हाई? लई ठनकाय लागलंय का? न्हाई न्हवं? मग झोपा. वाढलं तर मला उठवा, मी सिस्टरला घेऊन येते." अण्णा दहा मिनिटांत घोरायला लागले.

सकाळी सर्जन आले, बघितलं, "नॉर्मल आहे" म्हणाले आणि गेले. मावशींनी जे सांगितलं तेच त्यांनी सांगितलं, फक्त पाच तास उशिरा आणि रंगांशिवाय. आता वैद्यकी मावशींनी करावी असं मी म्हणत नाही. मावशींचा अंदाज चुकला असता तर? पण सांगायची जागा रिकामी सोडली की ती कुणीतरी येऊन भरतंच. अण्णांच्या नशिबानं मावशी आल्या. नाहीतर साडू होताच.

'मावशी'वरून एक गोष्ट लक्षात आली. दवाखान्यातली नाती बघा. फरशी पुसणाऱ्या त्या मावशी. खाट ढकलणारे ते मामा. इंजेक्शन देणारी ती सिस्टर, म्हणजे इंग्रजीतली का होईना पण बहीण. 'काका' तिथं असतात, पण खाटेवर. दवाखान्यानं स्वतःसाठी सगळी आईकडची माणसं नेमली आहेत. म्हणजे दवाखाना हे शब्दाने तरी आपलं आजोळ झालं. आणि माणूस आजोळी ज्या भावनेनं जातो त्याच भावनेनं दवाखान्यात जातो: लाड होतील, निदान विचारपूस होईल. तिथं गेल्यावर त्याला 'बारा नंबरचे नातेवाईक' अशी हाक आली की त्याचं जे होतं ते रागापेक्षा रुसव्याच्या जवळचं असतं. ठणकत्या टाक्यापेक्षा हा रुसवा जास्त दिवस टिकतो, असं माझं निरीक्षण आहे.

मग गोड बोलायला शिकवावं का? तशीही सोय निघाली आहे. माझा एक मामेभाऊ मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात होता, तिथं टाय बांधलेला एक मुलगा रोज सकाळी येऊन हसत विचारायचा, "सर, आज आपला अनुभव कसा आहे?" मामेभावाच्या नाकात नळी. अण्णा भेटायला गेले होते, त्यांनी त्या मुलाला विचारलं, "नळी कवा निघनार?" मुलगा म्हणाला, "सर, मी आपला प्रश्न संबंधितांपर्यंत पोचवतो," आणि तितकंच गोड हसला. अण्णांनी निकाल दिला, "ह्ये रेडिओवानी हाय. बोलतंय पन ऐकत न्हाई." आमच्याकडे 'तू'देखील चालतं. आजीला मावशी म्हणते, "आज्ये, ऊठ की गं, दोन पावलं चाल," आणि आजी उठते. 'आपण कृपया उठावे' म्हटलं तर ती उठणार नाही. तिला वाटेल, बिल आलं.

ऐकण्याचं म्हणाल तर त्याचं मोजमापही झालेलं आहे. १९८४ साली हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या दोन अमेरिकन संशोधकांनी डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. पेशंट आपलं गाऱ्हाणं सांगायला लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. बोलणं पुरं करायला मिळालं ते फक्त २३ टक्के भेटींत. हे वाचून मला अमेरिकेतल्या पेशंटांचं कौतुक वाटलं. अठरा सेकंदांत ते काहीतरी सांगून मोकळे होत असतील. आमच्याकडचा पेशंट तेवढ्या वेळात नमस्कारही पुरता करत नाही. अण्णांनी पहिल्या भेटीत केलेली सुरुवात मला पाठ आहे: "त्याचं काय झालं डॉक्टर, मागल्या आवसंला मी थोरल्या लेकीकडं कोरेगावला गेलतो. जावयानं औंदा आलं लावलंय..."

"कुठं दुखतंय ते सांगा."

तिथं तुटलं. पुढची दोन वाक्यं राहून गेली. जावयाची आल्याची पोती ट्रॅक्टरमध्ये चढवताना जांघेत काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि तिथं गोळा आला, हे त्या वाक्यांत होतं. म्हणजे रोग कोरेगावातच होता, डॉक्टर तिथं जायलाच तयार नव्हते. अर्थात बाहेर बाकावर साठ माणसं 'बसा' होऊन बसलेली, आणि प्रत्येकाची एकेक लेक कुठे ना कुठे दिलेली. सगळ्यांच्या लेकींच्या गावाला जाऊन यायचं तर डॉक्टरांना एसटीचा पासच काढावा लागेल.

शिवाय आमची दुखण्याची भाषा. कळ वेगळी, चमक वेगळी, ठणका वेगळा. पोटात मुरडा येतो, गोळा येतो, कालवतं, ढवळतं. सांधे कुरकुरतात, डोळे चुरचुरतात, अंग मोडून येतं. आणि यातलं काहीच होत नसेल तेव्हा 'कसनुसं' होतं, ज्याला जगातल्या कुठल्याही पुस्तकात औषध दिलेलं नाही. एवढं भांडार जवळ असलेल्या माणसाला विचारतात, "एक ते दहामध्ये किती दुखतंय?" अण्णा म्हणाले, "सकाळी चार हुतं, आत्ता सहा. च्या मिळाला तर दोन."

गेल्या पावसाळ्यात अण्णांना लघवीचा त्रास सुरू झाला. माझी धाकटी बहीण सांगलीला, विश्रामबागेत असते. ती म्हणाली, मिरजेला दाखवू. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे विजापूर, बेळगावापर्यंत 'मिरजेला दाखवणं' हा एक स्वतंत्र वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ, आता नीट बघायचं. अण्णांनी गाडी करू दिली नाही, एसटीनेच जायचं. कराड, पेठ नाका, आष्टा, सांगली असं प्रत्येक ठिकाणी उतरून त्यांनी हल्लीचे कंडक्टर काहीच बोलत नाहीत अशी तक्रार केली. सांगली सोडून मिरजेच्या वाटेला लागलो आणि ते सवयीनं पुटपुटले, "वानलेसवाडी, वानलेसवाडीवाले."

"अण्णा, वानलेस कोण ते माहितेय का?"

"स्टॉप हाय त्यो."

मग मी त्यांना सांगितलं. विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. मिशनचे डॉक्टर म्हणून १८८९ मध्ये इकडे आले, सुरुवातीला सांगलीत काम केलं, मग मिरजेला गेले. १८९४ मध्ये तिथलं मिशन हॉस्पिटल उघडलं. तीन वर्षांनी, १८९७ मध्ये, परिचारिकांची शाळा सुरू झाली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या शाळांपैकी ती एक. पुढे इंग्रज सरकारनं त्यांना 'सर' केलं. जवळजवळ चाळीस वर्षं ते इथं चिरफाड करत होते. मला कौतुक वाटतं ते एका गोष्टीचं. तेव्हा साहेबाच्या हातात सुरी आणि समोर भूल देऊन झोपवायचा एक शेतकरी, ज्याने आयुष्यात गोरा माणूस बघितलेला नाही. त्याला टेबलावर झोपायला राजी कुणी केलं असेल? सुरीने तर नक्कीच नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून, त्याच्या बोलीत, काय होणार ते सांगितलं असेल. मिरज हे वैद्यकीचं गाव व्हायच्या आधी समजावणीचं गाव झालं असणार.

अण्णा ऐकून म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं मी त्येच्याच नावानं वरडत हुतो." आणि गप्प झाले.

मिरजेच्या वॉर्डात अजूनही तीन भाषा एकाच वेळी चालतात. एका खाटेवर "जेवलात का?", पुढच्या खाटेवर कानडीत "ऊटा आतेनु?", तिसरीकडे दर्ग्याच्या बाजूची दख्खनी हिंदी. विचारतात तिन्हीकडे एकच, जेवलात का. आमच्या वॉर्डातल्या मुख्य सिस्टर मात्र केरळच्या. पहिल्या दिवशी खाटेशी येऊन उभ्या राहिल्या, स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "आज रात्री पण मीच आहे. काय झालं तर मला हाक मारा."

नाव सांगणं ही केवढी गोष्ट आहे, याच्यावर इंग्लंडात एक चळवळ उभी राहिली. केट ग्रेंजर नावाची एक तरुण डॉक्टर स्वतः कर्करोगाने दवाखान्यात पडली, आणि तिच्या लक्षात आलं की खाटेशी येणारी बरीचशी माणसं आपण कोण हेसुद्धा सांगत नाहीत. २०१३ मध्ये तिने सुरू केलेल्या मोहिमेचं नावच होतं, 'हॅलो, माझं नाव अमुक'. ती २०१६ मध्ये गेली. तिचं ते वाक्य तिकडच्या हजारो कर्मचाऱ्यांच्या छातीवर बिल्ला होऊन राहिलं. आमच्याकडे मात्र नुसत्या नावानं भागत नाही. अण्णांचा पुढचा प्रश्न तयारच होता.

"गाव कंचं, सिस्टर?"

"कोट्टायम."

"त्ये कुठल्या डेपोत येतं?"

सिस्टर सातारची असती तर तीन मिनिटांत नातं निघालं असतं. वडूजची असती तर तिच्या आजोबाला अण्णांनी अर्ध्या तिकिटावरून झापलेलं तरी निघालं असतं. कोट्टायमशी काही जुळेना. पण सिस्टरनी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या मराठीत लिंग, वचन, विभक्ती यांचा कसलाच जाच नव्हता. "आण्णा, उद्या ऑपरेशन झाला की नळी लागणार. नळीला पिशवी. पिशवीत लाल दिसणार. रक्तासारखा. घाबरायचा नाही. परवा गुलाबी होणार, मग पाण्यासारखी होणार. गाठी आल्या, नाहीतर पिशवी भरायची थांबली, तर रात्री दोन वाजता पण मला बोलवायचा. कळली?"

"कळली," अण्णा म्हणाले.

सर्जनही निराळे निघाले. घाईत होते, चार मिनिटंच बसले. पण केसपेपरच्या पाठीवर पेनने एक चित्र काढलं. ही लघवीची पिशवी, ही नळी, आणि नळीभोवती ही ग्रंथी. "आवळ्याएवढी असते. तुमची मोसंबीएवढी झालीय. म्हणून वाट दाबली गेली. आतून दुर्बिणीनं खरवडून वाट मोकळी करायची." अण्णांनी तो केसपेपर नंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाला दाखवला. वाटेत अडथळा आणि तो काढायचा, यापेक्षा सोपी गोष्ट एसटीच्या माणसाला काय सांगणार?

ऑपरेशननंतर पिशवीत लाल आलं. बहीण घाबरली. अण्णा खाटेवरून तिला म्हणाले, "उद्या गुलाबी व्हनार. गप बस." सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी गुलाबी झालं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गाडी वेळेवर आल्याचं समाधान होतं. साताऱ्याला वाट्याला आलं त्याहून इथं दुखणं जास्त होतं. नळीची आग होत होती, बिलही मोठं होतं. एवढं असून ते सगळ्यांना सांगत सुटले होते, "काय तरास न्हाई." कमरेला पिशवी अडकवून वॉर्डात फेऱ्या मारायचे आणि म्हणायचे, "छत्तीस वर्सं पिशवी गळ्यात हुती. आता खाली आली, येवढंच."

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती मी याच वॉर्डात बघितली. चौथ्या खाटेवर माण तालुक्यातला एक म्हातारा होता. त्याला बघायला जीपमधून चौदा माणसं आली. पहिल्याने सिस्टरना विचारलं, "पेशंट कसा आहे?" सिस्टरनी नीट सांगितलं. दुसऱ्याने, पहिल्याच्या शेजारी उभं राहून, हेच विचारलं. नवव्यापर्यंत त्या सांगत होत्या. दहावा फोनवर होता, तो म्हणाला, "मुंबैच्या दाजींशी बोला जरा." तिथं सिस्टरचा आवाज चढला. संध्याकाळी ती जीप माणकडे निघाली तेव्हा तिच्यात चौदा साक्षीदार होते, की मिरजेची सिस्टर फार तुसडी आहे. पहिल्या नऊ वेळा नीट सांगितलेलं कुणाच्याच हिशेबात नव्हतं. ज्या बाईच्या अंगावर रात्रभर तीस खाटा आहेत तिच्याकडून आजोळच्या मायेची अपेक्षा करायची तर तिला जरा झोप मिळेल आणि जोडीला आणखी एक सिस्टर असेल, हे आधी बघायला हवं. ते पेढ्यांनी होत नाही. त्याला जागा भराव्या लागतात.

निघताना एक फॉर्म देतात. सेवा कशी वाटली? उत्तम, चांगली, बरी. सरकारी दवाखान्यांसाठी केंद्रानं २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' नावाने फोन आणि एसएमएसवरून असंच विचारायची सोय केली. समाधान झालं नसेल तर कारण काय, त्यात कर्मचाऱ्यांची वागणूक हेही एक कारण निवडता येतं. चांगलंच आहे. पण फॉर्म हातात देतात तेव्हा आपली फाईल अजून काउंटरच्या पलीकडे असते, आणि फाईल पलीकडे असताना कुणी खरं लिहीत नाही. दवाखान्यात रुग्णहक्कांची सनद लावायची, दर लावायचे, असा आपल्या राज्यात २०२१ पासून नियम आहे. सनद मी बऱ्याच ठिकाणी बघितली. एका ठिकाणी तिच्यापुढे कुंडी होती, एका ठिकाणी औषध कंपनीचं कॅलेंडर. कॅलेंडर उचलून मी वाचली. आजाराची, उपचाराची, खर्चाची माहिती मिळणं हा तिच्यात पेशंटचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. म्हणजे मावशींनी पहाटे तीन वाजता अण्णांना जे दिलं ते अण्णांच्या हक्काचंच होतं. अण्णांना ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी पेढे दिले.

अण्णांनी मिरजेचा फॉर्म चष्मा लावून वाचला आणि 'बरी'वर खूण केली. मी म्हटलं, "अण्णा, ही सगळ्यात खालची आहे." ते म्हणाले, "बरा झालो म्हनून बरी. त्येच्यापरास मोठं काय आस्तंय?" मला उत्तर सुचलं नाही. फॉर्म तसाच गेला. त्या दवाखान्याला वाटत असेल, एक पेशंट नाराज होता.

पेढे अण्णांनी साताऱ्याहून मागवले. ओळखीच्या कंडक्टरकडे दिले, ते दुपारच्या गाडीनं मिरज स्टँडवर आले. एक बॉक्स केरळच्या सिस्टरना. एक सर्जनना, त्यांच्या टेबलावर, चित्र काढलेल्या केसपेपरसकट. सर्जनना वाटलं काही शंका आहे. अर्धा किलो वॉर्डातल्या मामा-मावशींना. काउंटरच्या माणसाला पेढा मिळाला नाही. त्याने तीन दिवसांत 'बसा'शिवाय काही म्हटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात बीपी दाखवायला आम्ही साताऱ्याच्या त्याच जुन्या दवाखान्यात गेलो. दारातच पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून टांगलेलं होतं: 'सर ऑपरेशनमधी आहेत. १२॥ ला येतील.' अण्णांनी ते दोनदा वाचलं, बाकावर बसले आणि खिशातून पुडी काढली. साडेबाराचा सव्वा झाला. ते काही बोलले नाहीत. तपासून बाहेर आल्यावर जिन्यात थांबून मला म्हणाले, "त्यो पुठ्ठा कुनी लिवला, तेवढं इचारून ये."

वॉचमनने लिहिला होता.

"पाव किलो आन," अण्णा म्हणाले.

मी मोती चौकात जाऊन अर्धा किलो आणले.